चार मोजेपर्यंत

सोमवार, १ सप्टेंबर २०२५
कोपरी, ठाणे पूर्व

नवी वही, नवं घर, नवी नोकरी! मनमाडहून टेम्पो काल दुपारी आला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सामान लागलंसुद्धा. आधी भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मग गॅस, मग बाकीचं. बाबांचा क्रम ठरलेला आहे. बाबा खुर्चीत बसून 'डावीकडे, अजून डावीकडे' सांगत होते आणि मी खिळा ठोकत होते. तीन भोकं पडली. घरमालकाला दिसू नयेत म्हणून दोन भोकांवर कॅलेंडर टांगलंय.

आज लॅबचा पहिला दिवस. लॅब वागळे इस्टेटमध्ये आहे, म्हणजे स्टेशन ओलांडलं की शेअर रिक्षाने वीस मिनिटं. देवयानीमॅडम आमच्या प्रमुख. मोजकं बोलतात, पण चहा स्वतः करून देतात. दुसरे फेलिक्सकाका. मूळचे उत्तनचे, आता वर्तकनगरात राहतात, आणि गेली वीस वर्षं बशीत पेशी वाढवतायत. काचेच्या बशांशी ते मांजरांशी बोलावं तसं बोलतात.

माझं काम बाबांना समजावलं तसंच इथे लिहून ठेवते. मेंदूतल्या नसांच्या धाग्यांवर एक स्निग्ध वेष्टण असतं, मायलिन. ते असलं की निरोप झरझर पळतो; झिजलं की रखडतो. हे वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. त्यांचं नाव लांबलचक आहे, लॅबमध्ये सगळे 'ऑलिगो' म्हणतात. आम्ही माणसाचं रक्त घेतो, त्यातल्या पेशींना उलट्या पावलांनी बालपणात नेतो आणि तिथून वळवून ऑलिगो बनवतो. मग त्यांना केसाहून कितीतरी बारीक प्लॅस्टिकचे धागे देतो. गंमत अशी की त्या प्लॅस्टिकलाही वेष्टण घालतात! नस आहे की नायलॉन, विचारत नाहीत. जाडी जमली की झालं.

एप्रिलअखेर माझ्या बशीत असं वेष्टण झाल्याचा स्वच्छ फोटो मिळाला, तर पीएचडीची नोंदणी आणि तीन वर्षांची फेलोशिप. नाही मिळाला, तर राम राम.

बाबा ऐकून म्हणाले, म्हणजे वायरचं इन्सुलेशन. ते कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते, त्यांना हे पहिल्या वाक्यात कळलं. सहा वर्षांपासून त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन झिजतंय. हे औषध नाही, नुसता अभ्यास आहे, हे मी त्यांना चारदा सांगितलं. तरी शेजारच्या सुमतीताईंना त्यांनी सांगून टाकलं, की माझी पोरगी माझ्या नसांची कव्हरं बनवते. सुमतीताई दुपारी बाबांना जेवायला वाढणार आहेत. सगळं जमून आलंय.


रविवार, ७ सप्टेंबर

बाबांची दाढी. खालच्या सलूनवाल्याने ह्या आठवड्यात एकदा केली. मध्येच बाबांची मान हलली आणि जरासं कापलं. त्याने हात जोडले, म्हणाला, 'ताई, मेरे से नहीं होगा.' पण माणूस चांगला. त्याने मला अर्ध्या ब्लेडचा उस्तरा कसा धरायचा ते दाखवलं आणि एक जुना उस्तरा देऊनच टाकला. बाबांचे गाल इतके बसलेत की साध्या रेझरने दाढी नीट होतच नाही.

गाल सोपे आहेत, गळा अवघड. 'बाबा, हनुवटी वर' म्हटलं की निरोप निघतो आणि वाटेत चहा पीत बसतो. मी मनात मोजते. एक, दोन, तीन, चार. चारला हनुवटी वर जाते. तेवढा वेळ उस्तरा हवेत धरून उभं राहायचं. खरं सांगायचं तर तिसऱ्या अंकालाच माझं डोकं तापायला लागतं. मला राग लवकर येतो, आईवर गेलेय. पण हात थांबतो, आणि राग चारपर्यंत निवतो.

दाढी झाल्यावर बाबा आरशात बघून म्हणाले, की चौदा एप्रिलला अशीच गुळगुळीत पाहिजे. सप्टेंबरमध्ये! चौदा एप्रिलला दाढी न करता ते आयुष्यात घराबाहेर पडलेले नाहीत. आई होती तेव्हा सांगायची, मी जन्मले त्या वर्षी चौदाला अंगात एकशे तीन ताप होता, तरी दाढी करून मिरवणुकीला गेलेले.


मंगळवार, २३ सप्टेंबर

बुरशी. सगळ्या बशांमध्ये बुरशी. निरोगी माणसाच्या पेशींचा एकुलता एक साठा, तो गेला. कोणाचा दोष नाही म्हणतात, म्हणजे नव्या मुलीचा.

आता नवं निरोगी रक्त पाहिजे. आजारी माणसाचं मिळतं, धडधाकट माणूस द्यायला तयार होत नाही. दोघे कबूल झाले. एकाने फोन उचलला नाही, दुसऱ्याला ऐन वेळी बायकोने अडवलं. मॅडम म्हणाल्या, महिनाभर थांबू. महिना! रक्तापासून ऑलिगो व्हायला चार महिने लागतात. आज रक्त मिळालं तर जानेवारी संपतो. महिनाभर थांबले तर मार्च उजाडतो, मग एखादी खेप फसली की एप्रिल हातचा गेला.

संध्याकाळी मी खालच्या पॅथॉलॉजीत जाऊन स्वतःचं रक्त दिलं. फॉर्मवर मनमाडच्या चुलतबहिणीचं, चित्राचं, नाव लिहिलं. नळीवर चिकटला नंबर अकरा. उद्या फेलिक्सकाकांच्या हातात 'दाता ११' येईल.

लॅबचा एक नियम आहे, पहिल्याच दिवशी सांगतात: स्वतःच्या पेशींवर काम करायचं नाही. चुकून सुई लागली आणि परक्याच्या पेशी अंगात गेल्या, तर शरीर त्यांना ओळखून मारतं. स्वतःच्या असल्या तर ओळखतच नाही. काका म्हणाले होते, 'पोरी, आपलंच मांजर घरात शिरलं तर कुत्रा भुंकत नाय.' पण हे सुई लागली तर. मला कधी सुई लागलेली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय.


रविवार, १४ डिसेंबर

पेशींना रविवार नसतो. रोज त्यांचं पाणी बदलायचं, रोज गुलाबी रस पाजायचा. आज सकाळी बाबांची दाढी अर्धवट झाली आणि लॅबमधून फोन, की इन्क्युबेटरचा अलार्म वाजतोय. पळत गेले. दरवाजा नीट लागला नव्हता, एवढंच. परत आले तर बाबा तसेच बसलेले, अर्ध्या तोंडाला वाळलेला साबण. मी रडकुंडीला आले, आणि ते हसतायत.

रत्नदीपला फोन केला. माझा मोठा भाऊ, टिटवाळ्याला नवीन बिल्डिंगमध्ये राहतो. म्हटलं, निदान एक रविवार तरी ये. म्हणाला, बघतो. हा त्याचा आवडता शब्द आहे.


मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६

ऑलिगो झाल्या! माझ्या रक्तातून. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर इतक्या सुंदर, चहूबाजूंनी हात पसरलेल्या. धाग्यांवर सोडून बारा दिवस झाले. जगात सगळीकडे बारा दिवसांत गुंडाळतात.

माझ्या नाही गुंडाळत.

जिवंत आहेत, टुणटुणीत आहेत. हात धाग्यापर्यंत नेतात, शिवतात, आणि मागे घेतात. मॅडम म्हणाल्या, धाग्यांवरचा लेप बदलून बघ. बदलला. रस बदलून बघ. बदलला. पालथ्या घड्यावर पाणी. काका म्हणाले, अशा पेशी त्यांनी बघितल्या नाहीत. भाजीवाल्याकडे बाई वांगं दाबून बघते आणि परत ठेवते, तसं करतायत म्हणे.


गुरुवार, २६ फेब्रुवारी

तिसरी खेपही वाया. सहा महिने. सहा महिन्यांत एक सुट्टी नाही, एक सिनेमा नाही, आणि ह्या बायांना माझे धागे पसंत नाहीत!

चौथी खेप बशीत सोडताना चिडून जोर जास्त लागला आणि काचेची बारीक पिपेट तुटली. ग्लोव्ह फाटला, टोक उजव्या तर्जनीत घुसलं. चांगलं खोल. पिपेट भरलेली होती.

धुतलं, पिळलं, स्पिरिट लावलं. अपघाताच्या रजिस्टरमध्ये लिहायला पाहिजे होतं. तिथे विचारतात, कोणत्या दात्याच्या पेशी. मग दात्याला बोलावून त्याच्या रक्ताची तपासणी करतात. मग चित्रा कुठून आणू? नाही लिहिलं. टाचणीएवढं तर भोक आहे.


सोमवार, ९ मार्च

आज मजा झाली. काकांच्या कोपराने टेबलावरचा फ्लास्क पडला. मी पाठमोरी होते. वळले तेव्हा फ्लास्क माझ्या हातात होता. पडताना मी बघितलाच नव्हता. काका म्हणाले, मुंबईच्या टीमला विकेटकीपर पाहिजे, अर्ज कर.

तर्जनीची जखम भरलीय. बोट जरा जास्तच जागं वाटतं. कागदाची कड, मिठाचा कण, सगळं लख्ख कळतं. पिपेटने बशीतल्या शहाण्णव खाचा भरायला मला पंचवीस मिनिटं लागायची, आज सात लागली. एक थेंब सांडला नाही. मॅडम पहिल्यांदाच 'छान' म्हणाल्या.


रविवार, १५ मार्च

आजच्यासारखी दाढी मी कधीच केली नाही. बाबांची मान मध्येच झटका देते ना, दर वेळी माझा हात आधीच बाजूला झालेला असायचा. एकही ओरखडा नाही. बाबा गालावरून हात फिरवत राहिले. म्हणाले, तुझ्या हातात आता सफाई आली.

मी मात्र जरा चमकले. कारण मी हात बाजूला घेत नव्हते. तो होत होता.


बुधवार, १८ मार्च

शेअर रिक्षाच्या रांगेत एक माणूस मध्ये घुसला. रोजच घुसतो कोणी ना कोणी. मनात आलं, ह्याची कॉलर धरून मागे ओढावं. एवढंच मनात आलं. तोवर तो खाली पडलेला होता, आणि त्याच्या शर्टाचं बटण माझ्या मुठीत होतं.

लोक ओरडले. मी सॉरी सॉरी म्हणत चालत सुटले, पार लॅबपर्यंत. असल्या गोष्टी माझ्या मनात दिवसातून पन्नासदा येतात! कोणाच्या येत नाहीत? येतात आणि जातात. आधी राग येतो, मग मी येते, मग हात. आज मी मध्ये आलेच नाही.

तळहात बघत बसलेय. काही दिसत नाही. हात छान आहे, आधीपेक्षा छान.


मंगळवार, २४ मार्च

मॅडमनी बोलावलं. चौथ्या खेपेच्या सगळ्या बशा समोर मांडल्या. एकीतही वेष्टण नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, की ह्या कामाला हुशारी कमी आणि धीर जास्त लागतो, तू मनाने फार घाई करतेस.

मी! सात महिने मी काय केलं, धीरच तर धरला —

बशी भिंतीवर फुटली. मग दुसरी. तिसरी. मॅडम खुर्चीसकट मागे सरकल्या. चौथी बशी उचलताना मी डाव्या हाताने उजवा धरला. डाव्याला फार जोर लावावा लागला.

मॅडमना वाटतंय मी वेडी झाले. 'आठवडाभर घरी बस' म्हणाल्या. काकांनी काचा गोळा केल्या, माझ्याकडे न बघता.

घरी येऊन विचार केला. पिपेट तुटली तो दिवस, फ्लास्क झेलला तो दिवस. मध्ये अकरा दिवस. ऑलिगोंना बारा लागतात.

त्यांना माझे प्लॅस्टिकचे धागे नको होते. दाबून बघत होत्या आणि परत ठेवत होत्या. त्यांना नस पाहिजे होती, आणि ती मी दिली. आता वेष्टणावर वेष्टण चढतंय, निरोप इतका जोरात पळतोय की मला विचारायला थांबत नाही.

हे शास्त्रात बसत नाही. लिहिताना मलाच हसू येतंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, करंट जास्त नाही झालेला, तुझं डोकं जास्त चालतं. झोप.


रविवार, २९ मार्च

लिहायची लाज वाटते. पण लिहिते.

सकाळी बाबा सदऱ्याची बटणं लावत होते. मी लावते म्हटलं की त्यांना आवडत नाही. पहिलं बटण. पाच मिनिटं. दुसरं. दाढीचं पाणी गार होत होतं. तिसरं बटण काजात जाता जाता निसटलं, आणि मला वाटलं, श्शी, काय हे —

माझ्या हाताने त्यांच्या तोंडात मारली.

उलट्या हाताने. आवाज झाला. बाबांचा चष्मा पडला.

दुखलं हेही त्यांना उशिराच कळलं. एक, दोन, तीन, चार. मग डोळ्यांत पाणी आलं. आणि म्हणाले काय, तर 'फार उशीर लावतो गं मी.'

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. डोळे पुसायलाही तो हात वापरला नाही. माझ्या बाबांना मी मारलं. ज्यांच्यासाठी हे सगळं शिकले, त्यांनाच.

दाढी केली नाही. उस्तऱ्याकडे बघवत नव्हतं.


बुधवार, १ एप्रिल

हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. चालेल. उजवा ओढणीने गळ्यात अडकवलाय. लोकांना वाटतं फ्रॅक्चर.

एका दवाखान्यात नसांचा वेग मोजून घेतला. विजेचा बारीक झटका देतात आणि निरोप किती वेळात पोचतो ते बघतात. तिथल्या मुलाने तीनदा मोजलं. तारा बदलल्या, पुन्हा मोजलं. आकडा कागदावर लिहिलाच नाही. म्हणाला, मशीन खराब आहे, पुढच्या बुधवारी या.

पुढच्या बुधवारी!

बोलेपर्यंत हात ओढणीतून बाहेर आला होता. मुलगा वेळेवर मागे सरकला.


शनिवार, ४ एप्रिल

फेलिक्सकाकांना सगळं सांगितलं. दाता अकरा कोण, तेही.  त्यांनी क्रूस केला. म्हणाले, 'कुंपणच शेत खायला लागलं, पोरी.'

उरलेल्या बशांवर त्यांनी ब्लीच ओतलं. मी दारात उभी. हाताला काहीच झालं नाही. का होईल? हातातल्या कुठे बशीत आहेत.

काकांनी एक गोष्ट हेरली. मी त्यांच्या वहीत डाव्या हाताने रक्त दिल्याची तारीख लिहीत होते, तेवढा वेळ उजवा गप्प पडला होता. म्हणाले, अक्षर काढताना मन सावकाश होतं. राग आला की लिहायला बस. थांबू नको.

करून बघितलं. खरंय. लिहितेय तोवर शांत असतो.


सोमवार, ६ एप्रिल

मॅडमना फोनवर कबुली दिली. हाताबद्दल त्यांनी एक शब्द ऐकून घेतला नाही. खोटा फॉर्म, खोटा दाता, सात महिन्यांचं काम कचऱ्यात. पंधरा तारखेला ऑफिसात भेट म्हणाल्या. फेलोशिपचं विचारायचं धाडस झालं नाही.

मी चिडले नाही. तीन पानं 'अ आ इ ई' लिहून काढली.


गुरुवार, ९ एप्रिल

रत्नदीपला म्हटलं, बाबांना टिटवाळ्याला ने. आजच ने. मी धोक्याची आहे. म्हणाला, नाटकं करू नको, जयंती झाली की बघतो.

बघतो.

पान फाटलं. कसं फाटलं माहीत नाही.


रविवार, १२ एप्रिल

दाढी नाही. सलग तिसरा रविवार. बाबा गाल खाजवतात. 

उस्तरा तांदळाच्या डब्यात, तळाशी.

झोपेत हात चालू असतो. उठले तर उशीचा कापूस —


सोमवार, १३ एप्रिल

रत्नदीप कबूल झाला. उद्या सकाळी नऊला येणार, दाढी करणार, बाबांना मिरवणुकीला नेणार, तिथून टिटवाळ्याला. बाबांची बॅग भरली. एका हाताने.

बाबा कपाटातून पांढरा सदरा काढून बघतायत. इस्त्री कडक. खूश आहेत.

एवढी रात्र जाऊ दे. मग ते सुटले.


मंगळवार, १४ एप्रिल. सकाळी

उजवा खिडकीच्या गजाला बांधलाय. ओढणीची दुहेरी गाठ. वही मांडीवर.

साडेनऊ. रत्नदीपचा फोन. आता निघतोय म्हणतो. आता —

नाही. लिही. अ. आ. इ.

सुमतीताईही नाहीत. आज सगळे बाहेर. खाली ढोल सुरू झाला.

बाबांनी सदरा घातला. बटणं स्वतः लावली, सगळी. तोंडाला साबण स्वतः लावला. हाक मारतायत. मी ओ दिली नाही.

पुन्हा हाक.

म्हटलं, रत्नदीप करेल. थांबा. म्हणतात, मिरवणूक थांबेल का?

वॉकरचा आवाज. येतायत. वॉकरच्या पिशवीत — तांदळाचे दाणे चिकटलेत त्याला. कसा सापडला —

बाबा नको. मोठ्याने म्हटलं. नको, जा.

ते हसतायत. म्हणतात, त्या दिवशीचं मनात ठेवू नको. मी ठेवलं नाही. म्हणतात, माझ्या पोरीचाच हात आहे, परक्याचा आहे का?

गाठीला हात घातला. वायरमनची बोटं. कापतात, पण गाठ —

मला उठता येत नाही. लिहिणं थांबलं तर —

बाबा सोडू नका

सुटली.

उस्तरा हातात दिला. माझ्या मुठीवर स्वतःची मूठ दाबून. म्हणाले, कर.

हात गप्प आहे. लिहितेय ना. लिहितेय तोवर गप्प आहे.

समोर स्टुलावर बसले. डोळे मिटले. किती वेळा सांगितलं जा, जा ना बाबा, किती वेळा एकच गोष्ट —

मी चिडलेली नाही.

हनुवटी वर करतायत. मी म्हटलंही नव्हतं. हळूहळू. एक.

मी चिडलेली नाही.

दोन.

मी चिडलेली नाही बाबा.

तीन. मी चि